वास नसलेली वाइन

नवऱ्याच्या ऑफिसची ती शनिवारची पार्टी दुबईतल्या एका हॉटेलात होती. जॉर्जिया देशातल्या एका वायनरीने तिथे रेस्टॉरंट काढलं आहे. दुपारचं जेवण आणि सोबत पाच प्रकारची वाइन चाखायची, असा बेत. नवरा आठवडाभर खुशीत होता आणि मी कसं टाळता येईल या विचारात. कारण पाच महिन्यांपूर्वीच्या तापानंतर मला कसलाच वास येत नव्हता, आणि हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"दोन आठवड्यांत येईल परत," असं डॉक्टर म्हणाले होते. मी वाट पाहिली. मग अंदाजाने रांधू लागले. कांदा रंगावरून, फोडणी तडतडण्यावरून. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने प्रत्येक पातेल्यात डोकावून मला सूचना दिल्या असत्या. स्वयंपाकघर ही एकच जागा होती जिथे मला कुणी काही शिकवत नसे. म्हणून गप्प राहिले.

मग एकदा शेजारच्या रत्नागिरीच्या भाभी जोरजोरात बेल वाजवत आल्या. "अगं, गॅसचा केवढा वास येतोय! खिडक्या उघड, यल्ला, लवकर!" मी शेगडीपासून चार पावलांवर मेथी निवडत बसले होते. त्यांना म्हटलं, सर्दी झालीय. नवऱ्याला म्हटलं, शेगडीचं बटण सैल झालंय. त्याने लगेच नवं बटण आणून बसवलं. तेव्हापासून मी दिवसातून वीसदा ते बटण बघत असे. ऑफिसला निघाले की लिफ्टपासून परत फिरायचं, हे तर रोजचंच.

त्या शनिवारी बारा वर्षांची लेक अल कुसैस भागातल्या आमच्या घरी एकटी होती. गॅस बंद आहे ना, हे विचारायला गाडीतून मी तिला दोनदा फोन केला.

"मम्मा, इट्स ऑफ. यू जस्ट आस्क्ड मी!"

"बास आता," नवरा म्हणाला. "ती लहान नाहीये."

रेस्टॉरंटमध्ये लांब टेबलाभोवती आम्ही दहा-बारा जण होतो. भिंतीशी माणूस मावेल एवढा मातीचा रांजण ठेवलेला. वाइन ओतायला आणि समजवायला पांढऱ्या वेणीची, साठीची जॉर्जियन बाई होती. तिच्या गावात असे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, आणि द्राक्षं सालीबियांसकट त्यात महिनोन्‌महिने मुरत ठेवतात, असं ती तुटक इंग्रजीत सांगत होती. प्रत्येक ग्लासाआधी कुणीतरी उठून कुणासाठी तरी दोन शब्द बोलायचे, हा तिचा नियम. पहिला ग्लास शांततेसाठी झाला, दुसरा गेलेल्या माणसांसाठी.

"आधी नाक," ती म्हणायची. सगळे ग्लासात नाक घालायचे. कुणी म्हणायचं जर्दाळू, कुणी मध. मी शेजारीण काय म्हणते ते ऐकायचे आणि तेच म्हणायचे. मधेच फोन आल्याचं निमित्त करून मी बाहेर जाऊन आले. लेकीने फोन उचलला नाही. परत येऊन बसले तरी लक्ष मांडीवरच्या फोनकडेच.

तेवढ्यात तिसरा ग्लास पुढ्यात आला. ती बाई माझ्याच मागे उभी होती. "तुम्ही सांगा. खरं सांगा."

मी हुंगल्यासारखं केलं, घोट घेतला. "सुंदर. फुलांसारखा वास आहे."

मग कुणीतरी हसलं. वर पाहिलं तर सगळ्यांनी ग्लास दूर सारलेले. ती वाइन खराब झालेली होती. ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येत होता म्हणे. खोटं कौतुक कोण करतं हे बघायला ती बाई प्रत्येक वेळी असा एक ग्लास देते.

"हिला मस्करी करायची सवय आहे," नवरा घाईने म्हणाला.

बाई मात्र हसली नाही. माझ्याकडे वाकून तिने हळूच विचारलं, "कधीपासून?"

"पाच महिने," मी म्हणाले. नवऱ्याने ऐकलं.

त्याने ग्लास खाली ठेवला. मराठीत विचारलं, "गॅसचं बटण?"

"सैल नव्हतं."

"म्हणजे त्या दिवशी भाभी आल्या नसत्या तर..." खुर्ची मागे सारून तो बाहेर निघून गेला.

मी त्याच्यामागे जायला उठू लागले, तोच बाईने माझ्यापुढे मधाच्या रंगाची वाइन ठेवली. "हुंगू नका. जिभेवर धरा, दहा मोजा." मी धरली. हिरड्या आवळल्या, जीभ खरखरीत झाली, कच्चं केळं चावल्यासारखी. "तुरट!" मी मराठीतच बोलले. त्या पाच महिन्यांत कुणाच्या तोंडाकडे न बघता ओळखलेली पहिली गोष्ट. "तुरट," बाई म्हणाली, आणि तिने मोदकासारख्या कळ्या पाडलेला एक गरम मटणाचा डंपलिंग माझ्या ताटात वाढला.

नवरा परत आला. "लेकीशी बोललो, बाल्कनीतला सिलिंडरही बंद करायला लावला," एवढंच म्हणाला. चौथ्या ग्लासाला बोलायची पाळी त्याची होती. "नेक्स्ट," म्हणून त्याने ती पुढे ढकलली.

परतताना गाडीत तो म्हणाला, "आमटीत मीठ जास्त असतं. तीन महिने झाले."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

मला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू. त्याने गाडी बाजूला घेऊन थांबवली. मीच म्हणाले, "चल."

दुसऱ्याच दिवशी घरात गॅसचा अलार्म लागला. आता वास परत यावा म्हणून रोज सकाळी डॉक्टरांनी सांगितलेल्या, लवंग-लिंबासारख्या तेलांच्या चार बाटल्या हुंगते. लेक पातेल्यावर वाकते आणि सांगते, "मम्मा, हिंग इज टू मच." मला अजूनही राग येतो. कॉफीला कधी जळक्या रबराचा वास येतो, तर कधी काहीच नाही. सगळं परत येईल किंवा येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. लवंग मात्र एखाद्या सकाळी येते, क्षणभरच. खात्री करायला बाटली पुन्हा नाकाशी नेईपर्यंत ती गेलेली असते.