बुचं लावलेलं कपाट

मेट्रनबाईंना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण गल्ली त्यांना अजून त्याच नावाने ओळखत होती आणि त्याही अजून वॉर्डात असल्यासारख्याच वागत होत्या. दुधाचं भांडं डोळ्यांच्या रेषेत धरून बघितल्याशिवाय दूधवाल्याची सुटका नसे. इस्पितळात औषधाच्या प्रत्येक बाटलीवर, औषध असेल त्या पातळीला, त्या पेन्सिलीने बारीक रेघ ओढून ठेवत. औषध रेघेखाली गेलं की चौकशी. तीस वर्षांत त्यांनी दोघींना पकडलं. एकीने कबूल केलं. दुसरी आया होती. स्पिरिटच्या बाटलीचं बूच सैल होतं, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. तिलाही घरी बसावं लागलं.

जुना वॉर्ड पाडला तेव्हा तिथलं चोवीस खणांचं औषधांचं कपाट बाईंनी घरी आणलं. यजमान होते तोवर त्यात त्यांची बाग राहत असे: कलमाच्या सुऱ्या, बियांच्या पुड्या, सुतळीचे गुंडे. ते गेल्यावरही बाईंनी एकही खण रिकामा केला नाही.

मग वन्सं आल्या. यजमानांच्या थोरल्या बहीण. गुडघे जिने चढू देईनात म्हणून त्या बाईंच्या तळमजल्यावर राहायला आल्या, आणि त्यांची कॉट काही केल्या मावेना. कपाट मागच्या अंगणात न्यायचं ठरलं. तसं ठरवलं बाईंनीच, पण आपल्याकडून ते ठरवून घेतलं गेलं असं त्यांना वाटायचं ते वाटतच राहिलं.

मिस्त्रीने काम मन लावून केलं. कपाट विटांवर चार बोटं उचललं, भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, वर उतरता पत्रा ठोकला, बाहेरून जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. शेवटी गिरमिट घेऊन त्याने पाठीच्या फळीला अठरा भोकं पाडली आणि आतून बारीक जाळी लावली.

भोकं बघून बाईंच्या कपाळावर आठी चढली. त्याने समजावलं, "हवा खेळायला हवी, बाई. घरातलं लाकूड बाहेर आलं की ते पावसाने एवढं मरत नाही, कोंडलेल्या ओलीने मरतं."

बाईंनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, चांगल्या फळीची चाळण करणारा माणूस पुढच्या दुरुस्तीची सोय करून ठेवतोय. त्याची पाठ फिरताच त्यांनी औषधांच्या बाटल्यांची जुनी बुचं काढली आणि अठराही भोकं घट्ट बुजवली. मग प्रत्येक खणावर, खणापासून चौकटीपर्यंत सरळ, एक पेन्सिलीची रेघ ओढली.

आठ दिवस आभाळ भरून राहिलं, अधूनमधून पाऊस. नवव्या दिवशी सकाळी सातव्या खणाची रेघ तुटलेली दिसली. खणावरचा तुकडा आणि चौकटीवरचा तुकडा यांच्यात केसभर अंतर. दुसऱ्या दिवशी तीन रेघा तुटल्या. सातव्या खणात सुऱ्या होत्या.

संशयाला फार लांब जावं लागलं नाही. वन्सं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रोज अंगणात फेऱ्या मारत. भावाची छत्री त्यांनी पोस्टमनला देऊन टाकली होती, न विचारता. आणि परवाच सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, की ती वाकडी सुरी कुठे असते गं.

चार दिवस बाईंनी गिळलं, पाचव्या दिवशी विचारलं.

"काय गेलं?" वन्संनी विचारलं.

"गेलं काहीच नाही. उघडलंय कुणीतरी."

"या वयात मी सुऱ्या चोरून काय करू, वहिनी? दारोदार कलमं बांधत हिंडू?"

बाई हसल्या नाहीत. तेव्हा वन्संचंही हसू गेलं. गुरुवारी साडेचारच्या बसने भाच्याकडे जाते म्हणाल्या. भाचा तिसऱ्या मजल्यावर राहतो, याची बाईंनी आठवण दिली.

"रांगत चढेन. तिथे कुणी माझ्यामागे रेघा तरी ओढणार नाही."

वन्सं गेल्या की या घरात बोलायला भिंतीच उरणार, हे बाईंना ठाऊक होतं. पण जायच्या दिवशी वन्सं ती सुरी उचलणार, हेही त्यांना तितकंच ठाऊक होतं. गुरुवारी सकाळी त्यांनी चोवीस रेघा पुसून नव्या ओढल्या आणि कपाटासमोर खुर्ची टाकली. जेवल्याही तिथेच. आत वन्संची बॅग भरण्याची खुडबूड चालू होती. अंगणात एक मांजर येऊन गेलं, बाकी कुणी नाही.

तीन वाजता त्या उठल्या. सातव्या खणाची रेघ तुटली होती.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मूठ ओढली, खण हलेना. लाकूड हाताला गार, फुगलेलं लागलं. त्या मागच्या बाजूला गेल्या आणि एक बूच उपटलं. भोकातून कुबट वास आला. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. स्पिरिट उडून जातं, हे त्या दर वर्षी नव्या मुलींना शिकवत असत. त्या आयाचं नाव त्यांनी आठवून पाहिलं. आठवलं नाही.

वन्सं बॅग घेऊन मागच्या दारात उभ्या होत्या. निरोप घ्यायचा म्हणून आल्या होत्या, एवढंच.

"खण अडकलाय," बाई म्हणाल्या. "एकटीने निघत नाही."

वन्संचं लक्ष त्यांच्या ओंजळीकडे गेलं. "ही बुचं कुठली?"

"पाठीची."

"कुणी लावली?"

"मी."

वन्संनी बॅग कोरड्या विटेवर टेकवली. त्यांनी कपाट दाबून धरलं, बाईंनी ओढलं. खण किंचाळत बाहेर आला. तळ काळा पडला होता आणि वाकडी सुरी पात्यापासून मुठीपर्यंत गंजली होती. वन्संनी ती उचलून रुमालाने पुसली. गंज निघाला नाही, रुमाल तेवढा तांबडा झाला.

"पेन्सिल कुठे आहे?"

बाईंनी खिशातून काढून दिली. वन्संनी ती आपल्या बॅगेत टाकली आणि चेन ओढली.

"साडेचारची चुकेल तुमची," बाई हळूच म्हणाल्या.

"सहाची असते," म्हणत वन्सं पहाऱ्याच्या खुर्चीत बसल्या. "आधी उरलेले तेवीस उघड. मग बघू."