अज्ञानावरची करसवलत

"मला माहीत नाही" हे शब्द व्हर्लिन टोस्ट्रुडच्या तोंडून मिनेसोटातल्या नॉर्डल गावात कुणी कधी ऐकले नव्हते. तळ्यावरचा बर्फ ट्रक पेलेल का, चर्चची भट्टी का धुमसते, शेजारणीचं कुत्रं का लंगडतं. कुणी विचारायचा अवकाश, व्हर्लिन टोपी मागे सारून उत्तर ठोकून द्यायचा. उत्तर चुकलं तर चूक बर्फाची, भट्टीची नाहीतर कुत्र्याची. पडलो तरी नाक वर. एकदा त्याचाच ट्रक पुढच्या चाकांपर्यंत तळ्यात गेला, तर काठावर निथळत उभा राहून म्हणतो, "फुटलाच तर इथेच फुटणार, हे मला ठाऊक होतं."

गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो आणि त्याची बायको आर्डिस लेफ्सं भाजायचे विजेचे तवे बनवत. लेफ्सं म्हणजे नॉर्वेहून आलेल्या पणज्यांची बटाट्याची पोळी, पलीकडचं दिसेल इतकी पातळ. नाताळ जवळ आला की घरोघर लाटणी फिरतात. तवे बरे खपत होते. पण तव्यांवर समाधान मानेल तो व्हर्लिन कसला? त्याला लेफ्सं लाटणारं यंत्र काढायचं होतं.

"त्यात काय आहे?" तो म्हणाला. "येत्या नाताळाला उभं करतो."

त्यानंतर बरेच नाताळ आले आणि गेले. यंत्र पोळी फाडायचं, गुंडाळायचं, नाहीतर पोटात घेऊन बसायचं. चर्चच्या तळघरात त्याने ते चालवून दाखवलं, तेव्हा एक लेफ्सं उडालं आणि पाद्रीबाईंच्या खांद्यावर शालीसारखं बसलं. बायकांनी घाईघाईने कॉफीचे कप तोंडाला लावले.

"वेगळंच आहे हं," त्यातली एक म्हणाली. आमच्याकडे याहून जहाल टीका कुणी करत नाही.

आर्डिसचा भाऊ कर्टिस त्यांचं कराचं काम बघायचा. त्या वर्षी तो खर्च बघून म्हणाला, "व्हर्लिन, हे जे एवढं लोखंड तू वाया घालवलंस ना, त्याला राज्य संशोधन म्हणतं. खर्चाचा काही हिस्सा करातून वजा होईल."

व्हर्लिनची छाती फुगली. उशिरा का होईना, राज्याला अक्कल आली! पण अर्ज वाचताना घोडं अडलं.

"हे काय लिहिलंयस? सुरुवातीला अर्जदाराला उत्तर ठाऊक नव्हतं?"

"उत्तर आधीच ठाऊक असेल तर संशोधन कशाचं करणार? सवलत न कळण्याला आहे बाबा, कळण्याला नाही."

"मग लिही, इतरांना ठाऊक नव्हतं."

"सही कर, व्हर्लिन."

त्याने केली, पण तोंड खिडकीकडे फिरवून. हात जणू दुसऱ्याचाच होता.

बर्फ वितळायच्या आधी राज्याच्या कर खात्यातून पाकू थाओ नावाची तरुण तपासनीस आली. लाओसहून आलेल्या हमोंग लोकांच्या घरातली, राजधानी सेंट पॉलमध्ये वाढलेली. बूट दारात काढून ती मोज्यांवरच आत आली, त्यामुळे आर्डिसला तिथल्या तिथे आवडली. कॉफी झाली आणि पाकूने विचारलं, "मिस्टर टोस्ट्रुड, काम सुरू केलंत तेव्हा कुठल्या गोष्टी तुम्हाला ठाऊक नव्हत्या?"

"एकही नाही," व्हर्लिन म्हणाला.

कर्टिसने टेबलाखालून लाथ मारली. ती आर्डिसला लागली.

"मग लाकडाचे, लोखंडाचे, प्लास्टिकचे इतके लाटायचे रूळ का बनवलेत?"

"खात्री करून घ्यायला."

"कसली खात्री?" आर्डिस पोटरी चोळत म्हणाली. "बाई, या माणसाला काहीही ठाऊक नव्हतं. शेडमागे चला, ढीगच दाखवते."

शेडमागे बर्फातून मोडक्या यंत्रांचे सांगाडे डोकावत होते. व्हर्लिनचा चेहरा पडला होता. पण पाकूने एका सांगाड्यावरचा बर्फ हाताने झाडला आणि विचारलं, "याचं काय झालं होतं?" आजवर हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो बोलायला लागला. हे गरम व्हायचं, ते डावीकडे ओढायचं. शेवटी एका वाकड्या रुळावर हात ठेवून म्हणाला, "आणि हे पोळी मधोमधच का फाडायचं, हे मला आख्खा हिवाळा कळलं नाही. झोप उडाली होती माझी. अजूनही नाही कळलेलं."

आपण काय बोललो हे त्याला नंतर ऐकू आलं. आर्डिस त्याच्याकडे बघत राहिली. आभाळ कोसळलं नाही. उलट त्याला एकदम हलकं वाटलं, घट्ट बूट काढल्यासारखं.

पाकू भराभर लिहीत होती. "मग अखेर चाललं कसं?"

"हां, ती माझी खरी करामत!" व्हर्लिन पुन्हा ताठ झाला. "रुळावर कापडी मोजा चढवला. पीठ चिकटायचंच थांबलं."

पाकूचं पेन थांबलं. "पण लाटण्याला मोजा तर सगळेच घालतात ना? आमच्या ऑफिसातल्या बायकासुद्धा घालतात."

"पणजीच्या काळापासून," आर्डिस म्हणाली. कर्टिसने डोळे मिटून घेतले.

निकाल आला. फसलेल्या प्रत्येक यंत्राचा खर्च राज्याने संशोधन म्हणून मान्य केला. मोजा तेवढा फेटाळला. ती गोष्ट सर्वांना आधीच ठाऊक होती.

दोन दिवस व्हर्लिन शेडमधून बाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी गावातल्या कॅफेत एकाने त्याला विचारलं, की यंदा तळं बर्फातून कधी मोकळं होईल. व्हर्लिनने टोपी मागे सारली.

"मला माहीत नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "आणि तुम्हा लोकांचं न कळणं वेगळं, माझं वेगळं. माझं राज्याने तपासून घेतलंय."

यंत्र चर्चने भिडेखातर विकत घेतलं. व्हर्लिन तळघरात उतरताना दिसला की बायका ते सुरू करतात. तो मात्र आता हेरिंग माशाचे काटे काढायच्या यंत्रामागे लागला आहे. पहिल्याच दिवशी त्याने कर्टिसला फोन केला आणि सांगितलं, "लिहून ठेव, आज मला यातलं काहीही कळत नाही."

कर्टिसने लिहून घेतलं, आणि आपली फी वाढवली.