मागे राहिलेले दगड

गाडी शिकायला गेले त्या पहिल्या दिवशी नानांनी मला स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नाही. धुळे रस्त्याला गाडी कडेला घेतली, मला खाली उतरवलं आणि डांबरावर पडलेला एक धोंडा दाखवून म्हणाले, "उचला, ताई." मी शाळेतली बाई, अंगावर इस्त्रीची साडी, आणि निम्म्या जळगावात माझे विद्यार्थी! फणकाऱ्याने तो धोंडा उचलून रस्त्याकडेच्या चारीत टाकला. "आते बसा," नाना म्हणाले.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मेहरूणमध्ये एका गॅरेजला लागून नानांचा ड्रायव्हिंग क्लास होता. क्लास म्हणजे एक जुनी फियाट आणि स्वतः नाना. त्याआधी ते केळीचे ट्रक चालवायचे. बोलणं मोजकं, तेही अहिराणीत. कुणी वेगाची ऐट दाखवू लागला की म्हणत, "ब्रेक पायमा नही, डोयामा शे." पायात नव्हे, डोळ्यांत. रस्त्यात दगड दिसला की मात्र गाडी थांबलीच पाहिजे आणि शिकणाऱ्याने उतरलंच पाहिजे. आम्ही पाठीमागे त्यांना धोंडेनाना म्हणायचो. लायसन्सच्या परीक्षेत त्यांच्या एका पठ्ठ्याने साहेबाला शेजारी बसवून ठेवून दगड उचलला होता. साहेब नापास करायला निघाले होते, हे नाना मोठ्या अभिमानाने सांगत.

माझं लायसन्स आलं तेव्हा पेढे घेऊन गेले आणि सहज चिडवलं, "नाना, आता तरी सांगा, दगडांशी काय वैर आहे तुमचं?" पेढा हातात तसाच धरून ते सांगू लागले.

ट्रक रस्त्यात बंद पडला की आपल्याकडचे ड्रायव्हर मागे दगड मांडतात, वर बाभळीची फांदी ठेवतात. मागून येणाऱ्याने जपावं म्हणून. दुरुस्ती झाली की ट्रक निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. नानांनीही पारोळ्याच्या पुढच्या वळणावर तसेच दगड मांडले होते, आणि केळी खराब होतील या घाईत तसेच सोडले होते. परतीच्या फेरीत त्याच वळणावर गर्दी दिसली. मोटारसायकल आडवी, एक माणूस चादरीने झाकलेला, शेजारी दगड. पारोळ्यातल्या दवाखान्याचा कंपाउंडर, असं कुणीतरी म्हणालं. नाना खाली उतरले नाहीत. ट्रक पुढे काढला, आणि काही दिवसांनी ट्रक चालवणंच सोडलं.

"मना दगड व्हता का दुसराना, कोन सांगी?" ते म्हणाले. "सपनमा येस तो. काहीच बोलत नही. नुसता देखस."

"त्या कंपाउंडरच्या घरी जाऊन या. मी नेते तुम्हाला," मी म्हटलं. नाना नाही म्हणाले. पुढे कितीतरी महिने नाहीच म्हणत राहिले. मग एका रविवारी सकाळी धुतलेले कपडे घालून माझ्या दारात उभे राहिले. गाडी मी चालवली. ज्या माणसाने मला रस्त्यावरून नजर काढू दिली नाही, तो पारोळ्यापर्यंत डोळे मिटून बसला होता.

कंपाउंडरची बायको अंगणात तूर पाखडत होती. नाना उभ्याउभ्याच सगळं बोलून गेले. तिने सूप खाली ठेवलं.

"कसाना दगड, भाऊ? जीपनी धडक दिन्ही त्यास्ले. चुकीनी बाजूनी उनी. जीपवाला सोता घर ईसन कबुली दी गया." मग नानांकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "इतला वरीस तुम्ही हाई वझं लिसन फिरनात?"

तिने चहा केला. नानांनी तो प्यायला, हात जोडले. मला रडू आवरेना. सुटले बिचारे नाना, असं वाटलं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलंच, "नाना, आता शांत झोपा. तो माणूस तुमच्या दगडाने गेला नाही."

नाना समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

"दहा वरीस ट्रक चालाडा, ताई. कितल्या ठिकाने दगड सोडात, माले याद नही," ते म्हणाले. "आजलगून मना पापनी एकच जागा माहीत व्हती. आते आख्खा रस्ता तसाच शे."