नाव तुम्हीच सांगा

मामांनी एवढ्या वर्षांत मला एकही सूचना केली नाही. मी मात्र त्यांना रोज दहा करत असे. परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त घेण्याच्या विभागाची प्रमुख होते आणि मामा तिथे अटेंडंट. पेशंटला आत बोलवायचं, रक्ताच्या ट्यूब स्टँडमध्ये लावायच्या आणि तो स्टँड आतल्या मशीनपर्यंत न्यायचा, एवढंच त्यांचं काम. हुद्द्यात ते सगळ्यांत खाली. तरी मी रजेवर असले की विभाग सुरळीत चालायचा, आणि मामा रजेवर असले की दुपारपर्यंत मीच तीनदा विचारायचे, "मामा उद्या येतायत ना?" याचा मला राग यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पेशंट खुर्चीत बसला की "तुम्ही सुनंदाबाई ना?" असं ते कधी विचारत नसत. "नाव तुम्हीच सांगा," म्हणत आणि ते हातातल्या कागदाशी ताडून पाहत. रक्त घेऊन झालं की त्याच खुर्चीपाशी ट्यूबला लेबल लागायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, "मामा, कागदावर नाव आहे ना? वाचा आणि मोकळे व्हा."

ते म्हणाले, "मॅडम, सुई बघितली की माणूस कशालापण हो बोलतो. नाव विचारलं की तेवढं स्वतःचं सांगतो."

पुढे मी याचंच परिपत्रक काढलं आणि सहीशिक्क्यानिशी भिंतीवर लावलं. आठवड्याभरात त्यावर कुणीतरी कॅलेंडर टांगलं. पण मामांच्या शेजारी उभं राहून रक्त घेणारी मुलं-मुली महिन्याभरात आपसूक "नाव तुम्हीच सांगा" म्हणू लागली होती. त्यांनी परिपत्रक वाचलं असेल असं मला वाटत नाही.

फ्रीजचंही तसंच. तो पुसायची पाळी कुणाची, यावरून माझ्या विभागात महाभारत चालायचं. मी तक्ता केला, नावं घातली, दोघांना तंबीही दिली. मामांनी एका शनिवारी बाह्या सरसावल्या आणि एकटेच पुसायला बसले. कुणाला हाक नाही की टोमणा नाही. वडिलांच्या वयाचा माणूस जमिनीवर बसून कप्पे घासतोय म्हटल्यावर बघत कोण बसणार? दोन शनिवारनंतर फडकं घ्यायला झुंबड उडू लागली.

मग तो सोमवार आला. उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि आरडाओरडा सुरू झाला होता. मी प्रणालीला म्हटलं, "सगळ्यांची लेबलं आधीच लावून ठेव ट्यूबना. वेळ वाचेल." प्रणाली आमची टेक्निशियन, सहा महिन्यांच्या करारावर आलेली, घरात कमावणारी एकटीच. ती घुटमळली. शेजारी मामा उभे होते. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला ते पाहणं बोचलं, म्हणून मी त्यांना दाराशी रांग आवरायला पाठवून दिलं.

व्हायचं तेच झालं. दोन बायकांनी आपसांत जागा बदलल्या, घाईत नाव कुणी विचारलं नाही आणि एकीचं रक्त दुसरीच्या नावाच्या ट्यूबमध्ये गेलं. ठणठणीत बाईच्या रिपोर्टात साखर भरमसाठ आली. तिच्या घोडपदेवच्या डॉक्टरांना शंका आली, त्यांनी फोन केला, म्हणून कुणाचं बरंवाईट झालं नाही.

डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. रजिस्टरवर सही प्रणालीची होती. साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." ती रडलीसुद्धा नाही, नुसती ओढणीचं टोक पिळत राहिली. एक वाक्य बोलायचं होतं मला. पंधरा वर्षांची नोकरी, दारावर नावाची पाटी. मी खाली बघत राहिले.

तेव्हा मागून मामा बोलले. "साहेब, माझ्याकडूनपण एकदा ट्यूब बदलली होती. तेव्हा लेबल मी लावायचो. पेशंट जिन्यात होता, पळत जाऊन परत आणला. तुम्हाला सांगितलं नव्हतं, घाबरलो होतो. आज सांगतो."

मग आमचा सर्वांत जुना टेक्निशियन हळूच म्हणाला, "माझ्याकडूनही झालंय एकदा." मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदा जरी पाहिलं असतं तरी मी चिडून गप्प बसले असते, एवढी मी स्वतःला ओळखते. ते साहेबांकडेच बघत उभे होते. आणि मी म्हटलं, "लेबलं आधी लावायला मी सांगितलं होतं. ती तयार नव्हती."

प्रणालीची नोकरी राहिली. मला मेमो मिळाला आणि वर्षभर विभाग दुसऱ्याच्या हाताखाली गेला. त्या वर्षात मी जितकं शिकले तितकं पंधरा वर्षांत शिकले नव्हते. एकदा मी मामांना विचारलं, "तुम्ही ऐकलं होतं सगळं. साहेबांना सरळ माझं नाव का नाही सांगितलंत?"

"मग तुम्ही मला वचकून राहिला असता, मॅडम. आपल्याला रोज एकत्र काम करायचंय."

निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत मामा गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीला मी त्यांच्या चाळीतल्या खोलीत गेले. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, शेजारी मामांचा फोटो होता. त्यांच्या मुलीला मी कोण ते सांगितलं, तशी तिने माझे दोन्ही हात धरले.

"तुम्ही त्या मॅडम? बाबा अख्ख्या चाळीला सांगायचे. म्हणायचे, आमच्या मॅडमनी भरल्या केबिनमध्ये उभं राहून स्वतःची चूक सांगितली. एका मुलीची नोकरी वाचवली."

मला रडू आवरेना. मी म्हटलं, "अगं, मी नाही. आधी तेच बोलले होते."

तिने मान हलवली. "नाही हो," ती म्हणाली, "ते तर म्हणायचे, मी मागे उभा होतो."