शुऐब्यातलं स्कॉटिश बंदर

ते गाव मी कधी पाहिलेलं नाही. तरी आजही डोळे मिटून त्यात फिरून येईन.

१९७८ साली मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत कुवेतला, शुऐब्याच्या एका कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर म्हणून रुजू झालो. घरच्यांसाठी ती नोकरी होती, माझ्या लेखी पोस्टिंग. मुक्काम फरवानियात. ०४४५ ला बस, ०५४५ ला गेटवर हजेरी. पहिल्याच दिवशी जोडीदार मिळाला, अ‍ॅलन. ब्रिटिश सैन्यातला निवृत्त सार्जंट, माझ्यासारखाच सॅपर. पूल बांधण्यात आणि सुरुंग काढण्यात दोघांची उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे आमचं जमायला एक कप चहा पुरला.

कारखान्यात प्रत्येक वस्तूला नंबर होता आणि घाईच्या वेळी तो कुणालाच आठवत नसे. सैनिक नव्या जागी गेला की आधी ठळक खुणा ठरवतो. अ‍ॅलनने एका जुन्या ड्रॉइंगच्या पाठीवर आपलं गाव काढलं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, मासेमारीचं. मग त्यातली एकेक इमारत त्याने आमच्या कारखान्यात आणून बसवली. पाण्याची उंच टाकी म्हणजे चर्च. जुनं पंपहाऊस म्हणजे टोलबूथ, त्याच्या गावची चारशे वर्षांची कचेरी: वर घड्याळ, मधे जकात, तळाला कैदखाना. वायू जाळायची चिमणी म्हणजे दीपगृह. समुद्राचं पाणी आत घेणारा खोल कालवा म्हणजे हार्बर.

"माझ्या कोकणातल्या जलदुर्गापुढे तुझं टोलबूथ म्हणजे कालचं पोर," मी त्याला चिडवायचो.

"असेल. पण तुझ्या किल्ल्यावर घड्याळ आहे का?"

घड्याळ नव्हतं. मी विषय बदलायचो.

हार्बरच्या धक्क्यावरची घंटा त्याची विशेष लाडकी. धुकं पडलं की त्याचे आजोबा ती वाजवायचे. तीन टोले, मग थांबायचं.

"थांबायचं कशाला?"

"होडीवाल्याचं उत्तर ऐकू यायला नको?"

महिन्याभरात नाशिक-पुण्याची आमची मंडळीही रेडिओवर "टोलबूथपाशी गळती आहे, ओव्हर" असं सहज बोलू लागली. मला त्याचा फार आनंद व्हायचा. आपल्या युनिटची स्वतःची भाषा तयार झाली, असं वाटायचं.

१९८१ च्या उन्हाळ्यात एका दुपारी १४०० वाजता सदाशिव चर्चच्या पायथ्याचा गेज तपासायला गेला. इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, नाशिकचा, दोन मुलींचा बाप. १४१० ला तोझ आलं. धुळीच्या वादळाला तिथे तोझ म्हणतात. आमच्या कंट्रोल रूमची खिडकी आधी पिवळी झाली, मग तपकिरी, मग दिसायचीच बंद झाली.

"कंट्रोल, सदाशिव बोलतोय. काही दिसत नाही. ओव्हर."

"सदाशिव, चर्चच्या डावीकडून परत ये. भिंत धरून. ओव्हर."

"रॉजर. डावीकडून."

हुकूम माझा. अ‍ॅलनने मान डोलावली. दोघेही चुकलो. सैन्यात डावं-उजवं मोजतात ते आघाडीकडे तोंड करून, मग तुमचं स्वतःचं तोंड कुठेही असो. आमची आघाडी समुद्राकडे, म्हणजे पूर्वेला, म्हणून आमचं डावं उत्तरेला. सदाशिव सैनिक नव्हता. तो आमच्याकडे तोंड करून परत येत होता. त्याचं डावं दक्षिणेला, आणि दक्षिणेला कालवा.

१४१८. "साहेब, भिंत संपली. पायाला काँक्रीटची कड लागतेय. पाण्याचा आवाज येतोय."

"हॉल्ट! खाली बस. हलू नकोस."

उत्तर आलं नाही. नुसती खरखर. कालव्यातलं पाणी पंपांकडे ओढलं जायचं, त्यात पडलेला माणूस वर येत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दाराबाहेर आगीच्या इशाऱ्यासाठी रुळाचा तुकडा टांगलेला होता. अ‍ॅलनने मोठा पाना उचलला आणि ठोकायला सुरुवात केली. तीन टोले. थांबला. पुन्हा तीन. मी दोराचं एक टोक दाराला बांधलं, दुसरं कमरेला, आणि बाहेर पडलो. तोंडात वाळू, स्वतःचा हात दिसेना. टोले थांबले की मी हाक मारायचो. किती मारल्या ते सांगता येणार नाही. एकदा थांबलो असताना खालून, अगदी जमिनीलगत, "ओ" ऐकू आली.

१४५० ला एका हाताने माझा दोर पकडला. सदाशिव रांगत आला होता.

"रेडिओ कालव्यात पडला, साहेब."

"पडू दे," म्हणालो आणि त्याला छातीशी धरलं. अख्ख्या नोकरीत मी कुणाला असं धरलं नव्हतं. आत येऊन त्याला सरळ सांगितलं, चूक माझी होती. दुसऱ्या दिवसापासून डावं-उजवं बंद केलं. समुद्राकडे किंवा रस्त्याकडे, एवढंच बोलायचं.

त्याने डोळे धुतले, चहा घेतला. मग विचारलं, "साहेब, यशवंत कोण?"

मला कळेना.

"तुम्ही सारखे यशवंतला हाका मारत होता."

मी अ‍ॅलनकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. त्यानेही ऐकलं होतं.

यशवंत माझ्या सेक्शनचा सॅपर. एकाहत्तरच्या डिसेंबरात, पश्चिम सीमेवर, माइनफील्डमधून वाट काढताना धुक्यात आमच्यापासून तुटला. शत्रू जवळ होता. हाक मारायची नाही, असा हुकूम होता. मी हुकूम पाळला. सकाळी यशवंतचा देह सापडला, चुकीच्या बाजूला, वाटेपासून वीस पावलांवर. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या दोघांना सांगितलं. आधी मराठीत, मग अ‍ॅलनसाठी इंग्रजीत.

सदाशिवने कप खाली ठेवला.

"हाक तुझ्या नावाची नव्हती," मी म्हणालो. "मग तू ओ कशी दिलीस?"

"कुणीतरी द्यायला हवी होती ना, साहेब."