तात्या निगुडकरांनी ऐकलेली व्याख्यानं

पाहुण्यांचं उज्जैनचं कौतुक संपेपर्यंत तात्या निगुडकर पेनाचं टोपण काढत नसत. आमच्या नव्या विद्यापीठाच्या व्याख्यानमालेला येणारा प्रत्येक विद्वान 'या पुण्यनगरीत पाऊल ठेवताच' इथून सुरुवात करी, क्षिप्रेत शाब्दिक डुबकी मारी, महाकालाला हात जोडी आणि मग मनगटावरचं घड्याळ पाही. तात्या व्यासपीठाच्या बाजूला छोट्या टेबलाशी टोपी मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसत. विषय सुरू झाला की टोपण निघे. काही संध्याकाळी ते निघतच नसे.

तात्या लघुलेखक. व्याख्यानं उतरवायची आणि छापण्याजोगी करायची, हे त्यांचं काम. नोकरी संस्थानच्या शिक्षणखात्यातली. संस्थान गेलं, मध्यभारत आला, तोही मध्यप्रदेशात विरघळला, आणि त्या गडबडीत सरकारनं तात्यांना आमच्याकडे उसनं दिलं. "तीन राज्यं पाहिली रे विनायक," ते म्हणत. "खुर्ची तीच. मागच्या भिंतीवरचा फोटो तेवढा बदलत गेला."

मी तेव्हा हंगामी व्याख्याता आणि मालेचा चिटणीस. एकदा काशीचे पंडितजी आले. विषय होता 'काल आणि कालगणना'. पावणेदोन तास बोलले: गाडीतला चहा, स्वतःचे तीन सत्कार, सुनेचं पाठांतर. टोपण जागचं हललं नाही. व्याख्यान संपताच मी त्यांच्या टेबलाशी गेलो.

"तात्या, आता छापायचं काय?"

"जे सांगायला आले होते ते. फिकर काहे की?"

चार दिवसांनी त्यांनी सोळा पानं माझ्यासमोर ठेवली. वेधशाळेतली सावली दुपारचे बारा दाखवते तेव्हा टावरच्या घड्याळात साडेबाराच्या आसपास होतात. मधला अर्धा तास कुठे जातो, आणि तो कुणाच्या हुकुमानं गेला, यावर. मी उभ्याउभ्याच वाचून काढली. मुद्रितं काशीला गेली. पंडितजींनी एक शब्द बदलला नाही. नावाआधीची राहून गेलेली एक उपाधी घातली आणि लिहिलं, 'मेरे विचार यथावत् आए हैं।'

तात्या खूश! "अरे, व्याख्यान म्हणजे बारात. दूल्हा घोडीवरून पडू नये एवढंच आपण बघायचं."

पहिल्या खंडातली अकराही व्याख्यानं त्यांनी अशीच 'ऐकली'. हे फक्त मला ठाऊक होतं. खंडावर संपादक म्हणून नाव माझं होतं, कारण चिटणीसाचं नाव घालायची पद्धत होती.

मग भोपाळहून फाजील ठरलेल्या कारकुनांच्या बदल्यांची यादी आली. तात्यांच्या नावापुढे जगदलपूर, पार बस्तरात. आणि घरी त्यांच्या पत्नीची, आमच्या काकूंची, नजर पार गेलेली. माधव नगरातल्या त्या दोन खोल्या त्यांना पाठ होत्या. त्या चूल पेटवत, भाकरी भाजत, तुळशीला पाणी घालत. परक्या गावी त्या पाऊल कुठे टाकणार?

तात्यांनी आयुष्यात माझ्याकडे एकदाच काही मागितलं. "कुलगुरूंच्या कानावर घाल ना, इथे मी थोडाफार कामाचा आहे म्हणून. माझ्यासाठी नको रे. तिच्यासाठी."

बैठकीत कुलगुरूंनी आपणहून खंड उचलला. "बहुत सुंदर! किसने सँवारा है ये? ऐसे आदमी को तो हम यहीं पक्का कर लेंगे."

तात्या फायली घेऊन दारात उभे होते.

"मी, सर," मी म्हणालो. आणि न विचारता पुढे, "निगुडकर साफ प्रत करून देतात."

खरं सांगितलं असतं तर अकरा विद्वानांची अब्रू गेली असती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. साफ खोटं. मला 'पक्का' एवढाच शब्द ऐकू आला होता.

बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "झकास केलंस. अकरा विद्वान एका झटक्यात मेले असते." ते हसले. मीही हसलो.

मी कायम झालो. ते गेले. जगदलपूरहून एक पोस्टकार्ड आलं: 'ही विहिरीच्या पायरीवरून पडली. पाय मोडला. बाकी ठीक. दुसरा खंड निघाला का?' मी उत्तर पाठवलं नाही. दुसरा खंड निघाला होता. त्यात विद्वान जे बोलले तेच छापलं होतं. तिसरा काढावा असं कुणालाच वाटलं नाही.

तात्या तिकडेच वारले. काकूंना त्यांच्या भावानं उज्जैनला आणलं, तेव्हा मी धीर करून गेलो आणि सगळं सांगितलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "अकराच्या अकरा आधी मला वाचून दाखवली होती त्यांनी. कुठे कंटाळा आला ते विचारायचे आणि तिथे कापायचे."

"काकू, मला माफ…"

"मला काय सांगतोस? मी कुठे ते पुस्तक पाहिलंय? ज्यांनी त्यावर तुझं नाव वाचलं, त्यांना सांग."

त्यालाही सहा वर्षं झाली. काकूही गेल्या. तो खंड अजून ग्रंथालयांत आहे, विद्यार्थी त्यातले उतारे घेतात. त्यांच्यासाठी लिहितो: त्यातलं एकही व्याख्यान कुणा पाहुण्याचं नाही, आणि संपादनही माझं नाही. ती सगळी दत्तात्रय निगुडकर यांनी लिहिली आहेत.