माझ्या नावावरचं प्रमाणपत्र

ताकसांडे मॅडम व्हिडिओ अर्ध्यावर बंद करायच्या. ऐन रंगात आलेला. वर्गात एकच ओरडा व्हायचा आणि त्या टीव्हीपुढे पदर खोचून उभ्या राहून विचारायच्या, "सांगा, आता काय होईन?" ज्याला जे वाटेल ते त्याने वहीत लिहायचं. उरलेला व्हिडिओ त्या दिवशी मिळायचा नाही. कधी दुसऱ्या दिवशी मिळायचा, कधी आठवड्याने.

हा ओरडा ऐकूनच मी त्यांच्या वर्गात पहिल्यांदा गेलो, आणि रागावूनच गेलो. बाभुळगाव तालुक्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेचा मी मुख्याध्यापक होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, तिथे आता दुसरी माणसं आहेत. टीव्ही गावाच्या वर्गणीतून आला होता. माझ्या खोलीत तो चादरीखाली झाकलेला असायचा आणि पाहुणे आले की उघडला जायचा. नव्याने बदलून आलेल्या या बाईंनी पहिल्याच आठवड्यात तो मागून नेला. मी गेलो तेव्हा पडद्यावर बोंडअळीचा कोष थिजलेला होता आणि सातवीची मुलं "पतंग निघंन", "अळीच निघंन", "मरून जाईन" असं एकमेकांवर ओरडत होती. खिडकीत काचेची बरणी होती. तिच्यात कोणाच्या तरी वावरातली किडकी बोंडं.

"मॅडम, हा काय गोंधळ?"

"उत्तर आधी बरनी देईन सर, मंग टीव्ही," त्या म्हणाल्या.

नवव्या दिवशी बरणीत राखाडी पतंग फडफडला. मुलांनी मला हाताला धरून नेलं. त्यानंतर त्यांनी उरलेला व्हिडिओ लावला, आणि मुलं तो पाहताना चुका काढत होती.

शाळेत नेटवर्क एकाच ठिकाणी यायचं, पाण्याच्या टाकीच्या पायरीवर. मधल्या सुट्टीत मॅडम तिथे बसलेल्या असत. मांडीवर लांबडं रजिस्टर, एका हातात फोन, दुसऱ्या हातात पेन. शिक्षकांसाठीचे ऑनलाइन कोर्स त्या शोधून शोधून करत. कोणी सांगितलेलं नसताना करत, हे आम्हाला विशेष खटकायचं. आमचे बोरकर गुरुजी जाता-येता टोमणा मारत, "मॅडम, कलेक्टर बनता काय जी?" मॅडम मान वर न करता म्हणत, "नाही जी, मास्तरीन बनून राह्यली."

एकदा मी विचारलं, "हे सगळं पाहून पोरांना दाखवायचंच असेल तर सरळ लावून का देत नाही? तेवढीच उसंत."

"मी पाच डाव पाहतो तवा त्याहिले तीन मिनिटं दाखवतो, सर. अन् व्हिडिओ बंद झाला का शिकवनं सुरू होते."

बंजारा तांड्यावरची मुलं घरी गोर बोली बोलत. व्हिडिओतल्या पुस्तकी मराठीपुढे ती गप्प होत. मॅडमनी यावर साधी गोष्ट केली. "टीव्हीचा आवाज बंद, आपला सुरू," असं म्हणून त्या आवाज पूर्ण बारीक करत आणि एका मुलाला पुढे बोलावत. त्याने चित्र बघून आपल्या बोलीत सांगायचं, दुसऱ्याने ते मराठीत. कविता राठोड नावाची एक मुलगी, जिचा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता, ती हृदयाच्या झडपा आपल्या बोलीत अशी समजावून सांगू लागली की तिची याडी, म्हणजे आई, शाळेच्या दाराशी उभी राहून ऐकायची. मी हे सगळं पाहत होतो. तपासणीच्या अहवालात 'शाळेने राबवलेला उपक्रम' म्हणून लिहीतही होतो.

मग तो सक्तीचा कोर्स आला. जिल्ह्यातल्या सगळ्या शिक्षकांनी ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करायचं होतं. व्हिडिओ पाहायचे, प्रश्न सोडवायचे, शेवटी आपल्या वर्गातल्या एका खऱ्या पाठाबद्दल स्वाध्याय लिहून चढवायचा आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. आम्ही सात शिक्षक होतो. मुदत संपायला आठवडा राहिला तरी पूर्ण एकट्या मॅडमचा झाला होता. वरून रोज फोन येत होता. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि शाळा तालुक्याच्या मागे पडलेल्यांच्या लाल यादीत मला नको होती.

आजूबाजूच्या कितीतरी शाळांत जे चाललं होतं तेच मी केलं. शाळेत जो कोणी मोबाइलमध्ये हुशार, त्याच्याकडे सगळ्यांचे पासवर्ड द्यायचे. मी एका कागदावर सहा जणांची नावं, नंबर, पासवर्ड लिहिले, खाली 'शुक्रवारपर्यंत पूर्ण करावे' असं लिहून सवयीने सहीसुद्धा केली, आणि तो कागद मॅडमपुढे धरला.

त्यांनी तो हातात घेतला नाही. "सर, तुमचं तुमी पाहा ना. लय चांगलं हाय ते. मी बसतो तुमच्याजवळ, अडलं तं सांगतो."

बोरकर गुरुजी म्हणाले, "आमच्याही नावानं दोन बटनं दाबा ना जी. तुमाले पुण्य लागंन."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. तेव्हा मी ते वाक्य बोललो, जे आजही मला ऐकू येतं. "मॅडम, वर्षअखेरीस तुमचा गोपनीय अहवाल मलाच लिहायचा आहे."

त्यांनी कागद घेतला, घडी करून रजिस्टरमध्ये ठेवला. म्हणाल्या, "एक अट हाय. सगळ्याहिच्या वर्गात एक-एक तास मागं बसू द्या. मी खोटं लिहीत नसतो."

त्या खरंच बसल्या. माझ्या पाचवीच्या तासालाही बसल्या. मी भागाकार घेत होतो. चार दिवसांत उरलेली सहाही प्रमाणपत्रं आली. माझं मी फ्रेम करून भिंतीला लावलं.

दीड महिन्याने निनावी तक्रार गेली. आमच्या शाळेचे सगळे कोर्स एकाच फोनवरून झाले, असं तीत होतं. विस्तार अधिकारी चौकशीला आले. माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलाशी बसले. आम्ही सातही जण भिंतीला लागून उभे होतो. मॅडमच्या हातात ते लांबडं रजिस्टर होतं, आणि त्याच्या मधोमध घडी केलेल्या कागदाची कड मला दिसत होती. माझ्या अक्षरातला कागद. माझ्या सहीचा.

"कोर्स तुम्ही केले?" साहेबांनी विचारलं.

"हो," मॅडम म्हणाल्या.

"पासवर्ड कोणी दिले?"

त्यांनी रजिस्टरवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "सरांना विचारा," त्या म्हणाल्या.

साहेब माझ्याकडे वळले. माझ्या डोळ्यांपुढे पेन्शनची फाइल होती, बाकी काही नव्हतं. मी म्हणालो, "मला कल्पना नाही, साहेब. पासवर्ड ऑफिसच्या वहीत असतात. वही उघडीच असते."

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं, आता उघडतील. त्यांनी रजिस्टर बंदच ठेवलं आणि छातीशी धरलं.

"काही सांगायचंय, मॅडम?"

"नाही."

साहेबांनी जबाब लिहिले. माझ्या म्हणण्याखाली बाकी पाचही जणांनी सह्या केल्या. बोरकर गुरुजी शेवटी आले. "पेन चालून नाही राह्यला," ते तीनदा म्हणाले. साहेबांनी आपला पेन दिला. मग तो चालला.

मॅडमची एक वेतनवाढ रोखली गेली, सेवापुस्तकात नोंद झाली आणि बदली उमरखेड तालुक्यात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. इथवर मी भित्रा होतो, असं म्हणता येईल. पुढचं मी केलं, ते मला कोणी करायला सांगितलं नव्हतं. गावात चर्चा सुरू झाली होती. पालक विचारत होते की इतक्या चांगल्या मॅडम का चालल्या. तेव्हा मी सकाळच्या परिपाठात मुलांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "परीक्षेत दुसऱ्याचा पेपर लिहिणं ही कॉपी असते. मोठ्या माणसांनी केली तरी शिक्षा होते."

त्या दिवशी दुपारी मॅडम सामान घ्यायला आल्या. सातवीची मुलं व्हरांड्यात उभी होती. कविता राठोड पुढे झाली. "मॅडम, तुमी खरंच कॉपी केली?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी घंटेकडे पाहिलं. कविता थोडा वेळ थांबली आणि वर्गात निघून गेली. बाकी मुलं तिच्यामागे गेली. मॅडमना निरोप द्यायला कोणीही फाटकापर्यंत गेलं नाही.

मी मानाने निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, भाषणं. बोरकर गुरुजी बोलताना रडले. टीव्ही पुन्हा चादरीखाली गेला होता.

चार वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात माझ्या नातवाने यवतमाळच्या घरी भिंतीवरची ती फ्रेम पाहिली आणि विचारलं, "आबा, यात तुम्ही काय लिहिलं होतं?" त्यानेच माझ्या जुन्या नंबरावरून तो स्वाध्याय शोधून काढला आणि मला मोठ्याने वाचून दाखवला. 'भागाकार शिकवताना मी मुलांना चिंचोके वाटायला लावतो. ज्याचं चुकतं त्याला मी उत्तर सांगत नाही. त्याच्या बाजूला खाली बसतो आणि त्याचे चिंचोके त्यालाच पुन्हा मोजायला लावतो. मला घाई नसते.'

नोकरीच्या सुरुवातीला मी असा होतो. पुढे विसरलो होतो. त्या एका तासाला, मागे कोणी बसलंय म्हणून असेल, तसा वागलो असेन. जिला मी अहवालाची धमकी दिली होती, तिने माझ्यातलं तेवढंच उचलून माझ्या नावावर लिहिलं होतं. नातू म्हणाला, "भारी शिकवायचे तुम्ही, आबा." मी उठून आत गेलो.

आठवडाभराने मॅडमच्या सेवापुस्तकातली नोंद काढावी म्हणून शिक्षण विभागात अर्ज दिला. पोच घेतली आणि अर्जाची प्रत घेऊन एसटीने उमरखेड गाठलं. तिथून ऑटोने त्यांची शाळा. मॅडमचे केस पिकले होते. व्हरांड्यात बाकावर बसवून त्यांनी पाणी दिलं. प्रत हातात धरून मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी हात पुढे केला. "कागद दाखवा."

त्यांनी तो दोनदा वाचला. मग एका शब्दावर बोट ठेवलं. "'सदर पासवर्ड माझ्याकडून अनवधानाने देण्यात आले.' अनवधानानं, सर?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"मी दुसऱ्याच्या नावानं लिहिलं, ते चुकलंच. त्याची शिक्षा मले मान्य हाय. पन एकटीनं, चोरून लिहिलं, हे खोटं हाय. अन् हेही खोटंच हाय."

"माझ्या सहीची चिठ्ठी होती तुमच्याजवळ. तेव्हा का नाही दाखवली?"

"अजूनही हाय. तवा दाखवली असती तं सहाही जन गेले असते. बोरकर सराच्या पोरीचं लगन होतं त्या महिन्यात. अन् मी वाट पाहून राह्यली होती, सर. तुमी बोलान म्हनून."

मी तिथेच बाकावर बसून अर्ज पुन्हा लिहिला. 'गोपनीय अहवालाची भीती दाखवून मी हे काम करवून घेतलं आणि चौकशीत खोटं बोललो.' त्यांनी वाचलं, मान हलवली. म्हणाल्या, "हे हापिसात द्या. नोंद निघाली तं निघाली. पन परिपाठात तुमी जे सांगितलं, ते पोरांले सांगितलं होतं. ते कोन परत घेईन?" घंटा झाली. त्या वर्गात गेल्या. मला क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही तसं धरून चालत नाही.

नवीन अर्ज दिला आहे, उत्तर आलेलं नाही. ती मुलं आता गावोगाव विखुरली आहेत. मी एकेकाला शोधून भेटतो आणि उभ्यानेच सांगतो. काही ओशाळतात, काही "जाऊ द्या ना सर" म्हणतात. एकाने तोंड फिरवलं.

कविता गेल्या आठवड्यात बाभुळगावच्या बसस्टँडवर भेटली. बारावीला आहे. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, सही, चौकशी, परिपाठ. मधे एक बस लागली, ती तिच्याच तांड्याकडे जाणारी होती. ती चढली नाही.

"मॅडमचा नंबर हाय तुमच्यापाशी?" तिने विचारलं.

मी सांगितला. तिने तिथेच लावला. "मॅडम, मी कविता. कविता राठोड, तांड्यावरची," एवढं मला ऐकू आलं. मग तिने माझ्याकडे पाठ केली आणि बोलत बोलत फलाटाच्या पार टोकाला गेली. तिथे ती खाली बसली आणि डोक्यावरून ओढणी घेतली.

माझं तिथे काही काम उरलं नव्हतं. यवतमाळची गाडी लागली, मी चढलो.